आत्मविश्वास आणि पेढीवरील तरुण

आत्मविश्वास उपदेशाने येत नाही. पार पाडलेल्या कामाने येतो. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट १९१९ साली मुंबईहून विलायतेस निघाली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यापूर्वी फाटक या माजी रेल्वे-कारकुनाच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाईट रेल्वेचे कंत्राट पुरे केले होते, हे विसरतो. मोरजीच्या व्यापाऱ्याने मुलास, मुलीसही, वानगी तळहातावर घेऊन उकडा तांदूळ जुना की नवा हे प्रथम ओळखू द्यावे. मग एका गोणीचा भाव स्वतः ठरवू द्यावा. त्या वेळी वडिलांनी मध्ये बोलू नये (आम्हां वडीलधाऱ्यांस हेच जड जाते!), नाहीतर चाळिशीतही तो दलालापुढे वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. तोटा आल्यास गिऱ्हाइकादेखत रागावू नये. रात्री वही उघडून दोघांनी हिशेब पाहावा.