गाडीची भिशी

देहूहून इंद्रायणी ओलांडली की येलवाडी लागते आणि पुढे खालुंब्र्यापाशी तळेगाव-चाकण रस्ता मिळतो. चाकणच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतचे हे अंतर सारे पंधरा-सोळा किलोमीटर. परंतु सकाळच्या पाळीच्या वेळी मोटारींची जी रांग या रस्त्यावर लागते, तीत उभे राहून पाहावे. पाच जणांच्या गाडीत एक माणूस आणि शेजारच्या सीटवर जेवणाचा डबा! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास साधनसामग्रीच्या अपव्ययाचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

हिशेब करून पाहू. जाऊन-येऊन बत्तीस किलोमीटर आणि लिटरला सोळा किलोमीटर धरल्यास रोज दोन लिटर पेट्रोल जळते. सोयीसाठी लिटरचा भाव 100 रुपये मानला, तर पंचवीस दिवसांचे 5,000 रुपये होतात. तेच चौघांत वाटले की प्रत्येकी 1,250. शिवाय रस्त्यावरच्या चार गाड्यांच्या जागी एकच राहते. 1973 साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा अमेरिकेतही सहप्रवासाला सरकारी उत्तेजन मिळाले होते. म्हणजे कल्पना जुनी आहे आणि गणितही बिनचूक आहे. मग ती टिकत का नाही?

याचे उत्तर मला आमच्याच घरात मिळाले. माझ्या वडिलांच्या गाडीतून आळीतले तिघे कामाला जात. पहिले चार महिने सुखात गेले. पुढे एकाची पाळी बदलली, तो गेला. दुसरे काका रोज दहा मिनिटे उशिरा येत. अण्णा हॉर्न वाजवीत नसत, घरी येऊन आईवर चिडत. पैशांचे तर कोणी बोलायचेच नाही! "द्या हो सवडीने," असे अण्णा म्हणायचे आणि ती सवड काही यायची नाही. शेवटी टायर बदलण्याचा खर्च निघाला. टायर कोणाचा, गाडीवाल्याचा की बसणाऱ्यांचा? यावरून जे बिनसले, ते असे की दिवाळीचा फराळही एकमेकांकडे गेला नाही. पेट्रोल वाचले, शेजार गेला.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये भाडे घेऊन प्रवासी नेण्यास परवाना लागतो, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीचा विमा सामान्यतः अशा वाहतुकीस लागू होत नाही. खर्च वाटून घेणे निराळे आणि भाडे घेणे निराळे; पण मधली रेघ बारीक आहे. सरकारचेही लवकर ठरले नाही. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाडीतील सहप्रवासाला वाट दिली. महाराष्ट्राने जानेवारी 2023 मध्ये ॲपवरील असा सहप्रवास रोखला आणि 2025 मध्ये मंत्रिमंडळाने तो पुन्हा मोकळा करण्याचे ठरविले.

पण आमच्या आळीचे भांडण कायद्याचे नव्हते, न बोलण्याचे होते. आणि गंमत अशी की हा प्रश्न आमच्याच गावाने केव्हाच सोडविलेला आहे. नारायणमहाराजांनी 1685 मध्ये येथून पालखी सोहळा सुरू केला. आज त्यातल्या दिंड्या सामानासाठी ट्रक घेतात. ट्रक एक, वळकट्या शंभर. तरी भांडण नाही. कारण भिशी निघण्यापूर्वीच भरायची असते, ती किती हे सर्वांना ठाऊक असते आणि हिशेब एकाच्या हाती असतो. ट्रक निघण्याची वेळ झाली की ज्याची वळकटी आली नाही, त्याने ती डोक्यावर घ्यावी! यात कोणाचा अपमान होत नाही. मुंबईच्या शेअर टॅक्सीतही माणशी दर आधी ठरलेला असतो, म्हणून अनोळखी माणसेही निमूट बसतात. ओळखीच्या माणसांतच तोंड उघडायची चोरी.

हे मी अण्णांना सांगितले. पाच मिनिटांहून अधिक थांबायचे नाही, पैसे एक तारखेला, टायर-दुरुस्तीसाठी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम वेगळी. पाळी बदलली तर आठवडाभर आधी सांगायचे. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी येताना दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर चार नावे लिहिली आहेत. त्यांत काकांचेही आहे. मात्र ती वही घेऊन त्यांच्याकडे कोणी जायचे, यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.