जुन्या शेगड्याची ओळख व दुरुस्ती

ऐन हंगामात वखराची पास बोथट होते, फवारणी पंपाचा दांडा वाकतो, किंवा वसमत भागात हळद पॉलिश करण्याच्या ढोलाचा एखादा बोल्ट अडकून बसतो. अशा वेळी लोखंड घट्ट धरून ठेवणारा शेगडा, म्हणजेच व्हाइस, घरी असल्यास तालुक्याची फेरी वाचते. हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी वडिलोपार्जित शेगडा केवळ गंजला म्हणून भंगारात वजनावर देण्याची घाई करू नये. प्रथम त्याची परीक्षा करावी.

ओळख

जमिनीपर्यंत पोचणारा लांब पाय असलेला शेगडा लोहारी होय. तो घडीव लोखंडाचा असून घणाचे घाव सोसतो. मेजावर बसविण्याचा शेगडा बहुधा बिडाचा असतो. त्याच्या खरखरीत अंगावर साच्याच्या सांध्याची रेघ दिसते. हा दाब सोसतो, परंतु घणाच्या घावाने फुटतो. शेगड्याचे माप जबड्याच्या रुंदीवरून सांगतात.

अंगावरील उठावदार अक्षरे वाचावीत. ‘रेकॉर्ड’ हे शेफील्डचे, तर ‘पार्किन्सन’ हे यॉर्कशायरमधील शिप्लीचे नाव होय. पार्किन्सनच्या ‘परफेक्ट’ शेगड्यास मुठीजवळ खटका असतो. तो दाबताच अर्धा नट आट्यांपासून सुटतो व जबडा सरळ ओढता येतो. ही सोय ठाऊक नसल्यास आटे झिजले असा गैरसमज होतो.

तड्याची परीक्षा

संशयित भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे. थोड्या वेळाने ते कोरडे पुसून खडूची भुकटी पसरावी. तडा असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येऊन भुकटीवर ओली रेघ उमटते. ही परीक्षा आगीपासून दूर करावी.

दुरुस्तीचा क्रम

१. अडकलेल्या स्क्रूवर तेल सोडून रात्रभर ठेवावे. मुठीत पाइप घालून जोर करू नये. बिडाचा भाग एकाच जागी तापवू नये, तो तडकतो.

२. स्क्रू पूर्ण फिरवून हलता जबडा बाहेर काढावा. तो जड असल्याने दुसऱ्या माणसाने खालून आधार द्यावा.

३. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून रंग ओला करूनच खरवडावा. भुकटी मुलांपासून व जनावरांच्या चाऱ्यापासून दूर ठेवावी.

४. तारेच्या ब्रशाने आटे साफ करावेत. थोडी ढिलाई स्वाभाविक आहे. परंतु आटे झिजून धारदार झाले असल्यास लेथवर नवा नट करून घ्यावा.

५. जबड्यांच्या झिजलेल्या पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या असल्यास बदलाव्यात.

६. स्क्रूला ग्रीस व सरकत्या भागास तेल द्यावे. पकडणाऱ्या पट्ट्या मात्र कोरड्या ठेवाव्यात.

बसविणे

शेगडा मेजाच्या पायावर येईल असा बसवावा. जबड्याचा माथा काम करणाऱ्याच्या कोपराइतका उंच असावा. स्थिर जबडा मेजाच्या कडेपुढे किंचित असावा. म्हणजे लांब गज उभा धरता येतो.

नट बसण्याच्या जागी किंवा जबड्याच्या मुळाशी तडा असलेला शेगडा, नाव कितीही मोठे असो, वापरू नये. दाबाखाली तो फुटल्यास हात किंवा डोळा जाण्याचा धोका असतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तड्याची परीक्षा पेरणीपूर्वी गावात करून दाखवावी. जो शेगडा या परीक्षेत उतरेल, तो नीट निगा राखल्यास पुढील पिढीच्याही कामी येईल.