नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल : पूर्वतयारी कशी करावी

डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागायतदार मंडळींच्या बोलण्यात अलीकडे नाशिककडील द्राक्षमद्याचा, म्हणजे ज्यास हल्ली सर्वत्र वाइन म्हणतात तिचा, विषय वारंवार निघतो. हंगामात चिकूचा भाव उतरला की तो हटकून निघतो. द्राक्षवाल्यांनी जे केले ते चिकूवाल्यांस का साधू नये, असे तरुण सभासद विचारतात. आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तेव्हा एकदा नाशिकास जाऊन ते मळे, ते कारखाने व ती वाइन चाखण्याची दालने प्रत्यक्ष पाहावी, हे उत्तम. मात्र सहल नीट योजूनच करावी. न योजता केल्यास पैसा व दोन दिवस व्यर्थ जातात, शिवाय भलताच समज घेऊन मनुष्य घरी परततो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

आमची पहिली सहल अशीच फुकट गेली. चिकूच्या बागेत काम कमी म्हणून आम्ही आषाढात निघालो. मंडळी अठरा, गाडी एक, आधी कोणास कळविलेले नाही. वेलींवर पाने होती, पण फळाचा मणी नव्हता. कारखान्यातील यंत्रे धुऊन पुसून बंद ठेविलेली. उरले ते चाखण्याचे दालन. तेथे सर्वांनी दुपार काढली व संध्याकाळी मोठ्या उल्हासात परतलो. आमच्याबरोबर आमचा पुतण्या होता. त्याने गाडीतच मनसुबा केला की, तलासरीकडील चिकूची जुनी झाडे काढून वाइनची द्राक्षे लावावी व त्यासाठी जमिनीवर कर्ज काढावे. त्या मनसुब्यास आधार काय, तर थंडगार पेला व टेकडीवरून दिसलेले धरणाचे पाणी! पुढील साली आम्ही माघात पुन्हा गेलो, त्या वेळी आधी प्रश्न लिहून नेले. खालील सूचना त्या दुसऱ्या सहलीतून निघाल्या आहेत.

१. हंगाम

नाशिककडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्याच्या तोंडी, एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी करितात. तीत पुढील फळकाडी तयार होते. पावसाळा सरताच सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते व तिजवर घड येतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. सबब जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हाच सहलीचा खरा काळ होय. त्या वेळी घड वेलीवर, मजूर तोडणीवर व रस टाकीत, असे तिन्ही एकाच दिवशी पाहावयास मिळते. शनिवार-रविवार टाळावे, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची गर्दी असते व शेतकऱ्याच्या प्रश्नास उत्तर देण्यास कोणास सवड नसते. पंधरा दिवस आधी दूरध्वनी करून, आम्ही शेतकरी आहोत, मळा व कारखाना पाहावयाचा आहे, असे स्पष्ट कळवावे व शुल्क विचारून घ्यावे.

२. मार्ग, मुक्काम व मंडळी

डहाणूहून चारोटी, कासा, जव्हार, मोखाडा व त्र्यंबकेश्वर या मार्गाने नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रस्ता घाटाचा व वळणांचा असल्याने पहाटे निघावे. मंडळी बारा-चौदांहून अधिक नसावी. गाडी हाकणाऱ्याने पेल्यास शिवू नये. हा नियम निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष सांगावा. घरातील बायकांसही अवश्य न्यावे. चिकू निवडणे व प्रतवारी करणे त्यांच्या हातचे आहे. घडांची निवड कशी होते हे त्यांना आपल्याहून लवकर समजते.

पहिला दिवस गंगापूर धरणाच्या बाजूस द्यावा. राजीव सामंत हे परदेशांतील नोकरी सोडून परतले, वडिलार्जित जमिनीत आंबा वगैरे लावून पाहिले व शेवटी वाइनच्या द्राक्षांकडे वळले; त्यांच्या ‘सुला’ कारखान्याची पहिली वाइन २००० साली बाजारात आली व २००५ साली तेथे चाखण्याचे दालन उघडले. जवळच इतरही कारखाने आहेत. दुसरा दिवस दिंडोरी किंवा निफाड तालुक्यास द्यावा. निफाड तालुक्यात विंचूर येथे सरकारने २००१ सालच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर वाइन उद्योगासाठी स्वतंत्र वसाहत वसविली. एका दिवसात दोनहून अधिक कारखाने पाहू नयेत. तिसऱ्यात डोळे पाहतात, पण मन काही टिपून घेत नाही.

३. मळ्यात काय पाहावे

प्रथम फळ पाहावे. बाजारात खातो ती थॉमसन अथवा सोनाका द्राक्षे मोठी, बिनबियांची व पातळ सालीची असतात. वाइनची शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, काबर्ने या जातींची द्राक्षे बारीक, बियांची व जाड सालीची. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल अधिक, आणि तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा सालीतूनच येतो. एक मणी चावून पाहावा. साल व बी निराळी चघळावी.

दुसरे, हवा पाहावी. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर झड लागते व वर्षभर हवेत ओल असते. निफाडकडे पाऊस आपल्या मानाने कितीतरी कमी व थंडी कोरडी. तरीही तेथील शेतकरी केवडा व भुरी या रोगांपायी हातातील फवारा खाली ठेवीत नाही. हे पाहिल्यावर आमच्या पुतण्याचा पहिला मनसुबा आपोआपच गळाला. द्राक्ष आपल्या मातीत आणावयाचे नाही. पाहावयाची ती द्राक्षवाल्याची रीत, हे सहलीस निघतानाच मनाशी ठरवावे.

४. कारखान्यात काय विचारावे

आंबण्याची क्रिया आपल्या मंडळींस नवी नाही. पहाटे उतरविलेली शिंदीची नीरा उन्हे चढताच फसफसू लागते व तिची ताडी होते. हवेतील व मडक्यातील किण्व रसातील साखर खाऊन मद्य व वायू निर्माण करिते. वाइनच्या कारखान्यात हीच क्रिया मोजमापाने चालते. रसात साखर किती, हे ब्रिक्स या मापाने पाहतात. ढोबळ हिशेब असा की, लिटरभर रसातील दर सतरा ग्रॅम साखरेमागे सुमारे एक टक्का मद्य बनते. म्हणजे लिटरात २२० ग्रॅम साखर असेल तर तेरा टक्क्यांच्या जवळपास. पांढऱ्या वाइनचा रस सालीपासून लगेच निराळा करून थंड टाकीत मंदपणे आंबवितात. तांबडीचा रस सालीसकट, काहीसा उबेत.

येथे चिकूवाल्याने आपले प्रश्न विचारावेत. द्राक्षात रस पुष्कळ व आंबटपणा स्वभावतःच असतो. चिकूत साखर चांगली, पण गर दाट व आंबटपणा अगदी थोडा. आणि आंबटपणा कमी तेथे वाइन बेचव होते व लवकर नासते. मग आम्ल कोठून घालावयाचे, गर पातळ कसा करावयाचा, कच्च्या फळाचा चीक व तुरटपणा कसा काढावयाचा? या प्रश्नांची उत्तरे नाशिकापेक्षा घराजवळ अधिक मिळतील. बोर्डी येथे चिकूपासून फसफसणारी वाइन बनविण्याचा उद्योग गेल्या दशकात सुरू झाला. सहलीस जाण्यापूर्वी तो पाहावा, म्हणजे नाशिकास काय विचारावे हे कळेल. घोलवडास १८९८ साली चिकूची लागवड प्रथम सुरू झाली असे फळबागांचे ग्रंथ सांगतात, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इतक्या जुन्या फळाच्या धन्याने दुसऱ्याच्या दारी अगदीच कोऱ्या पाटीने जाऊ नये.

५. चाखणे

चाखणे म्हणजे पिणे नव्हे. पेला दांडीस धरून प्रथम उजेडात रंग पाहावा, मग हलवून वास घ्यावा, मग घोटभर तोंडात फिरवून थुंकीपात्रात टाकावा. थुंकण्यात असभ्यता नाही. जाणते तज्ज्ञही तसेच करितात. क्रम पांढरी, गुलाबी, तांबडी व शेवटी गोड असा असावा. दोहोंच्या मध्ये पाण्याची चूळ भरावी व पावाचा तुकडा चघळावा. उपाशीपोटी चाखू नये.

वर्णनास इंग्रजी पुस्तकांतील फळांची नावे पाठ करण्याचे कारण नाही. आपली जीभ करवंद, जांभूळ, आवळा, चिंच, कच्चा चिकू ओळखते. तीच नावे वहीत लिहावीत. आंबट किती, तुरट किती, गोड किती, घशाखाली गेल्यावर चव किती वेळ टिकली, एवढे चार रकाने पुरेत. ज्यास व्रतामुळे वा प्रकृतीमुळे चाखावयाचे नसेल त्याने केवळ रंग व वास लिहावा. त्याजवर कोणी आग्रह करू नये. मद्यापायी संसार कसे मोडतात हे आपल्या पाड्यांतून सर्वांनी पाहिले आहे. सहलीचे निमित्त करून कोणाच्या घरात नवे व्यसन शिरू नये, ही जबाबदारी सहल नेणाऱ्याची आहे.

६. हिशेब व करार

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. एका बाटलीस, म्हणजे पाऊण लिटर वाइनीस, किलो-सवाकिलो द्राक्षे लागतात. शेतकऱ्यास त्या किलोचे काय मिळाले व बाटली कितीस विकली, हे दोन आकडे शेजारी मांडून मधल्या अंतरात काच, बूच, टाक्या, वीज, साठवणीचे व्याज, कर व विक्रेत्याचे दलाल किती खातात, हे विचारावे.

मग एखाद्या साध्या द्राक्षउत्पादकाकडे जावे. निफाड तालुक्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने आम्हांस बांधावर पडलेले वेलींचे जाड बुंधे दाखविले. वाइनच्या द्राक्षांस बरे दिवस आले तेव्हा त्यांनी कर्ज काढून ती लाविली. २००८ सालच्या जागतिक मंदीनंतर वाइनचा खप बसला, कारखान्यांत माल पडून राहिला, आणि पिकलेला घड घेण्यास कोणी येईना. बारीक, बियांचे फळ खाण्यासाठी बाजारात कोण घेणार? त्या सुमारास पुष्कळांनी असे मळे उपटून काढले. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसऱ्याकडे नेता येते. वाइनच्या द्राक्षास कारखाना हेच एक गिऱ्हाईक.

आमची उमेद तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढताना आम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. तो उतरताना पाहण्याचा योग त्या मानाने थोडा. त्या बुंध्यांपाशी उभे राहून आमच्या पुतण्याने विचारले की, करार किती वर्षांचा होता व कारखान्याने माल नाकारल्यास भरपाईचे कलम होते काय. कलम नव्हते. परतीच्या वाटेवर तो फारसे बोलला नाही. चिकूची झाडे आज उभी आहेत.

चिकूची गोष्ट या बाबतीत द्राक्षाहून बरी आहे, कारण जो चिकू बाजारात जातो तोच वाइनीसही चालतो. कारखान्याने न घेतल्यास फळ पेटीत भरता येते. हा आधार कोणत्याही करारापायी सोडू नये. बागेचा ठराविक हिस्साच कराराने द्यावा, भाव, मुदत, तोल, प्रत व भरपाई ही पाच कलमे लेखी असावीत, आणि कारखान्याच्या सोयीसाठी जात बदलू नये.

७. कायदा

घरी आंबवून पाहण्याचा मोह होईल, तो आवरावा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा आहे, मग ते फळाचे का असेना. पिण्यासही परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना कोठे मिळेल हे आधीच विचारून घ्यावे. एकवीस वर्षांखालील मुलांस चाखण्याच्या दालनापासून दूर ठेवावे. बाटली घेतलीच तर पावती जवळ बाळगावी.

तलासरीकरांस विशेष सूचना अशी की, नाशिकहून पेठ, कपराडा, वापी हा मार्ग सोपा वाटला तरी तो गुजरातेतून जातो व तेथे दारूबंदी आहे. बाटली जवळ असता त्या वाटेने येऊ नये, आणि संजाण-उंबरगावच्या सोयऱ्यांस ती भेट म्हणून नेऊ नये. सीमेवर राहणाऱ्यास ही सवय आजन्म ठेवावी लागते.

तसेच डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला व उद्योगांची वर्गवारी ठरली. कारखान्याचा विचार करणाऱ्याने आपला उद्योग कोणत्या वर्गात बसतो व धुण्याचे पाणी कोठे सोडावयाचे, हे जागा पाहण्यापूर्वी विचारावे.

सहलीनंतर

परतल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येकाने वहीतील टिपणे संस्थेच्या चिटणिसांकडे द्यावीत व मासिक सभेत ती वाचून दाखवावीत. ज्यास जाणे जमले नाही अशा लहान शेतकऱ्याचा त्यावर पहिला हक्क आहे, कारण कर्जाची चूक त्यास सर्वांत महाग पडते. येत्या माघात जी मंडळी निघतील त्यांनी आपापले पाच प्रश्न आजच लिहून ठेवावेत. त्यांतील निदान तीन पेल्याविषयी नसून फळाच्या भावाविषयी असावेत, इतकीच आमची विनंती आहे.