यमूची गोष्ट श्रीपुरात वाचताना

श्रीपूरला साखर कारखान्याच्या आसपास मी बरीच वर्षं शिकवते आहे. दुपारच्या वेळी बायकांना जमवून पुस्तक मोठ्यानं वाचायचं, हा आमचा परिपाठ. अधिकाऱ्यांच्या घरच्या येतात, कामगारांच्या येतात, गाळप हंगामात उसाच्या फडावरची एखादी लेकराला घेऊन टेकते. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आम्ही अशीच वाचली. त्यातून हाती आलं ते लिहिते.

१. एकाच घरच्या बायकांत ही कादंबरी वाचू नये.

आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यात ही गोष्ट क्रमशः आली आणि १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. 'करमणूक' काढलं तेव्हा ते सव्विशीतले होते. सव्विशीतला पुरुष, आणि सगळी गोष्ट यमूच्या तोंडून सांगतो. तिचं बालपण, लग्न, सासर, नवऱ्याचा मृत्यू, केशवपन. इतकं आतलं बोलणं त्यांनी कुठं ऐकलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. पण हे घर पांढरपेशा ब्राह्मणांचं आहे. त्याच घरातल्या बायका ऐकत असल्या तर फक्त रडू येतं. इतर घरच्या बायका बसल्या की प्रश्न येतात.

२. सुखाचे दिवस कुणाच्या पैशावर चालले, ते आधी पाहावं.

यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात, तो भाग सगळ्यांना आवडला. नवरा बायकोशी बोलतो, तिच्या शिकण्याचं त्याला कौतुक आहे. एका कामगाराची बायको मात्र लगेच म्हणाली, "बाई, त्याच्या जिवावर वेगळं ऱ्हायली ती. तो गेल्यावर कुणाच्या जिवावर?" तिनं बोट ठेवलं ते कादंबरीच्या मर्मावरच. रघुनाथराव जातात तेव्हा यमूच्या नावावर काही नसतं, म्हणून तिला परत सासरच्या घरात यावं लागतं.

मी तेव्हा त्यांना रखमाबाईंची हकिकत सांगितली. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, म्हणून मुंबईच्या कोर्टात १८८४ पासून त्या झगडल्या आणि पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. धीर त्यांचा होताच. पण आईनं दुसरं लग्न करण्याआधी वडिलांची मालमत्ता त्यांच्या नावावर केली होती आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी उभे होते, हेही सांगायला हवं. नाही तर पोरींना वाटतं की यमूतच हिंमत कमी होती.

३. घर वर चढतं तशी बाईवरची बंधनं वाढतात.

यावर आमच्याकडे तीन दुपारी बोलणं चाललं. केशवपनाचा भाग ऐकून एक आजी म्हणाल्या, "आमच्यात असती तर पाट लागला असता की तिचा." रखमाबाईंच्या आईचंही दुसरं लग्न होऊ शकलं, कारण त्यांच्या सुतार जातीत ते चालत होतं. दुसरी म्हातारी म्हणाली, "आमच्यात न्हाई लागत. आम्ही देशमुखाचं." ते सांगताना तिचा आवाज चढला होता. विधवेला घरात कोंडायचं, हे त्या घराच्या मोठेपणाचं लक्षण होऊन बसलं होतं. ताराबाई शिंद्यांनी १८८२ च्या 'स्त्री-पुरुष तुलने'त पुरुषजातीला जाब विचारला, त्या स्वतः बुलढाण्याच्या मराठा घरातल्या. म्हणजे ही कोंडी ब्राह्मणवाड्यापुरती नव्हती.

आणि हे जुनं म्हणून सोडून देता येत नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, श्रीपूरला कारखाना उभा राहिला, पाणी आलं, ऊस आला. पैसा आल्यावर काही घरांनी सुनांना रानात पाठवणं बंद केलं. लोक म्हणाले, सून सुखात आहे. सुनेला विचारलं तर ती म्हणते, रानात होते तेव्हा चार जणींशी बोलत तरी होते. उन्हातली खुरपणी गेली हे चांगलंच झालं. पण तिच्या हातचा रोजगार गेला, घराबाहेर पडायचं कारण गेलं, त्याचा हिशोब कुणी मांडला नाही. आपट्यांची पात्रं मला इथंच, उसाच्या बांधावर भेटतात.

४. वस्तरा कुणाच्या हातात होता, हेही विचारावं.

ज्या वर्षी 'करमणूक' सुरू झालं, त्याच १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. हे ऐकून आमच्यातली, जिच्या घरी पिढीजात हा धंदा आहे ती बाई ताठ बसली. कादंबरीतला सगळा राग शंकरमामंजींसारख्या ढोंगी वडीलधाऱ्यांवर आहे आणि तो रास्त आहे. पण कष्टकऱ्यांनी हात आखडून उभारलेला हा विरोध त्या गोष्टीबाहेरच राहिला. तो मराठी वाचकाला शाळेतच कळायला हवा.

५. पंढरपूरला जाताना विठोबाच्या दर्शनाबरोबर नवरंगे बालकाश्रमाचीही आठवण ठेवावी. लालशंकर उमियाशंकर यांच्या खटपटीतून १८७५ मध्ये तिथं बालहत्या प्रतिबंधाचं काम सुरू झालं. अब्रूच्या भीतीनं मूल टाकावं लागलेल्या विधवा तिथं येत. यमूच्या आसपासच्या, पण कादंबरीत न आलेल्या अशा किती जणी असतील.

६. जी गोष्टीत नाही, तिची गोष्ट शोधावी.

फडावरची बाई एकदा म्हणाली, "ह्यात काम करणारी कुठं हाय?" ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल मात्र मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. आपट्यांच्या गोष्टीतल्या घरातही पाणी भरलं जात होतं, धुणीभांडी होत होती, ती करणारीला बोलायला पानं मिळाली नाहीत. त्यांनी जे घर पाहिलं ते जिवापाड खरं लिहिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाकीचं दुसऱ्यांनी लिहायचं होतं. शेजारच्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महार वस्तीतल्या बायकांचं जगणं लिहिलं आणि सासूकडून सुनेला होणारा जाचही लपवला नाही. आपट्यांच्या पाठोपाठ आता आम्ही तेच घेतलं आहे. वाचायचं काम फडावरच्या त्या बाईच्या लेकीकडे दिलंय. ती हंगामापुरती इथल्या शाळेत येते, सातवीत आहे, आणि अडखळत का होईना, मोठ्यानं वाचते.