हिस्टोन प्रथिने : जिवाणूंकडून घडवून घेतलेली रिळे

बारावीच्या जीवशास्त्रात आपण एक गणित करतो. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ × १०⁹ बेस जोड्या असतात. दोन जोड्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की उत्तर येते २.२ मीटर! एवढा लांब धागा काही मायक्रोमीटर रुंदीच्या केंद्रकात मावतो कसा? उत्तर आपल्याला पाठ असते : हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून. पण हे शास्त्रज्ञांना कळले कसे? आज तेच पाहू.

रीळ आणि दोरा

हिस्टोन हा पदार्थ अल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये पक्ष्यांच्या रक्तपेशींतून वेगळा केला. तो डीएनए गुंडाळायचे रीळ आहे ही कल्पना मात्र १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी मांडली. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठ प्रथिनांचा गठ्ठा होतो. त्याभोवती डीएनएचे सुमारे १४७ बेस जोड्यांचे पावणेदोनच्या आसपास वेढे बसतात. हाच न्यूक्लिओसोम. हिस्टोनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन भरपूर, म्हणून त्यांच्यावर धनभार, डीएनएवर ऋणभार. दोघे एकमेकांना धरून बसतात.

या रिळातून हिस्टोनच्या शेपट्या बाहेर आलेल्या असतात. त्यांवर ॲसिटिल, मिथिल असे गट चिकटतात. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी सुचवले, की ॲसिटिल गटाचा जनुके चालू होण्याशी संबंध असावा. डीएनएचा क्रम न बदलता जनुक चालू किंवा बंद कसे होते, याचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

अडचण कुठे आली?

पूर्वी हिस्टोन वासराच्या थायमस ग्रंथीतून किंवा कोंबडीच्या रक्तातून काढत. ते भरपूर मिळत, पण सरमिसळ असत. एका रेणूवर ॲसिटिल, दुसऱ्यावर मिथिल, तिसरा कोरा. आता सांगा, भाजीत दहा मसाले एकदम टाकले तर तिखटपणा नेमका कशामुळे आला हे कळेल का? नाही ना! तसेच इथे. परिणाम दिसायचा, पण कारण कोणते ते ठामपणे सांगता येत नसे.

उपाय : जिवाणूला कामाला लावा

ई. कोलाय या जिवाणूत आपल्यासारखे हिस्टोन नसतात. साहजिकच, हिस्टोनवर खुणा करण्यासाठी खास असलेली आपल्या पेशींतली विकरेही त्याच्याकडे नाहीत. म्हणजे कोरी पाटी! पद्धत अशी :

१. हिस्टोनचे जनुक प्लास्मिडमध्ये घालून जिवाणूत सोडतात. असे बनलेले प्रथिन म्हणजे पुनर्संयोजित हिस्टोन.
२. जिवाणूत ते बहुधा अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साठते. गोळे धुऊन ग्वानिडीनच्या द्रावणात विरघळवतात. प्रथिनाची घडी उलगडते.
३. चारही हिस्टोन समप्रमाणात मिसळून २ मोलर मिठाच्या द्रावणात ठेवतात. घडी परत बसते आणि आठांचा गठ्ठा तयार होतो.
४. त्यात डीएनए घालून मीठ हळूहळू कमी करतात. मीठ जास्त असताना विद्युत आकर्षण झाकले जाते. ते कमी होत गेले की आधी एच३-एच४ डीएनएवर बसतात, मग एच२ए-एच२बी. घाई केली तर गुंता होतो!

याच मार्गाने बेडकाचे (झेनोपस) हिस्टोन ई. कोलायमध्ये बनवून कॅरोलिन ल्यूगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये न्यूक्लिओसोमची रचना २.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने दाखवली.

पण कोऱ्या पाटीवर अक्षर कसे काढायचे? हवी ती खूण असलेला शेपटीचा तुकडा रसायनांनी बनवून उरलेल्या हिस्टोनला जोडता येतो. दुसरी युक्ती म्हणजे हव्या त्या लायसिनच्या जागी सिस्टीन घालायचे आणि रासायनिक क्रियेने त्याला मिथिल-लायसिनसारखे रूप द्यायचे. आता दोन नळ्यांत फरक फक्त एकाच खुणेचा. परिणाम बदलला, तर कारण तीच खूण.

याचा उपयोग काय?

२०१२ मध्ये लहान मुलांच्या मेंदूतील एका घातक गाठीत असे आढळले, की एच३ मधील २७व्या लायसिनच्या जागी मेथिओनिन आले आहे. पेशीत एच३ ची अनेक जनुके असतात. त्यातले एकच बिघडलेले. तरी सगळ्या एच३ वरची २७व्या जागेची मिथिल खूण कमी झालेली! असे का? पुढच्याच वर्षी नळीतल्या प्रयोगांनी दाखवले, की हा बदललेला हिस्टोन खूण करणाऱ्या पीआरसी२ या विकरालाच अडवतो. पेशीच्या गर्दीत हे वेगळे काढणे अवघड होते.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. नळीतला न्यूक्लिओसोम म्हणजे पेशी नव्हे. तिथे 'असे होऊ शकते' हे कळते. 'असेच होते' हे जिवंत पेशीत तपासावेच लागते.

सरावासाठी प्रश्न

१. मिठाचे प्रमाण एकदम कमी न करता हळूहळू का करतात?
२. लायसिनला ॲसिटिल गट जोडल्यावर त्याच्या धनभाराचे काय होते? डीएनएवरची पकड सैल होईल की घट्ट?
३. हिस्टोन बनवण्यासाठी यीस्टऐवजी ई. कोलाय का निवडले असेल? (इशारा : यीस्ट दृश्यकेंद्रकी आहे.)

उत्तरे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा. पाठ करू नका, विचार करा!