खड्डा-यंत्राची पिन

कुंपणाचा खांब रोवायचा असो की आंब्याचे कलम लावायचे असो, आधी खड्डा घ्यावा लागतो. पहार आणि फावडे घेऊन दोन गडी दिवसभर राबले, तरी मोजकेच खड्डे होतात. म्हणून मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण या बाजूचे पुष्कळ शेतकरी आता ट्रॅक्टरला जोडायचे खड्डा-यंत्र भाड्याने आणतात. काहींनी ते विकतही घेतले आहे.

सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिले आहे. ते फिरत फिरत लाकडात भोक पाडते. खड्डा-यंत्र म्हणजे भले मोठे गिरमिट. ते जमिनीत फिरते आणि माती वर काढते. खांबासाठी ९ इंचांचे किंवा १२ इंचांचे गिरमिट लावतात. (आंब्याला मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायला सांगतात. तो एका भोकाने होत नाही. तेथे जवळजवळ भोके पाडून मधली माती फावड्याने काढावी लागते. असो.)

या गिरमिटाला फिरवतो कोण? ट्रॅक्टरच्या मागे एक फिरणारा दांडा असतो. त्याला पीटीओ म्हणतात. तो बहुधा मिनिटाला ५४० फेरे घेतो. ५४० ला ६० ने भागा. उत्तर ९ येते. म्हणजे एका सेकंदात ९ फेरे! तेथून लांब शाफ्ट निघतो आणि यंत्राच्या गिअर बॉक्सला जोडला जातो. गिअर बॉक्समध्ये वेग कमी होतो आणि पिळाचा जोर वाढतो. त्या जोराने गिरमिट फिरते.

आता आपल्या जमिनीचा विचार करा. वरकस जमिनीत वर हातभर मुरूम आणि खाली काळा दगड. खाडीच्या बाजूला चिकण माती. कलमे लावायची जूनच्या पहिल्या पावसानंतर, म्हणून खड्डे घ्यायचे एप्रिल-मेमध्ये. तेव्हा जमीन उन्हाने भाजून कडक झालेली असते. अशा जमिनीत गिरमिट कधी ना कधी अडकणारच.

नांगराचा फाळ दगडाला अडला की बैल थांबतो. त्याला कळते. ट्रॅक्टरला कळत नाही. खाली गिरमिट अडलेले आणि वर इंजिन जोर लावते आहे, मग मधले काहीतरी तुटते. गिअरचे दात तुटतील, शाफ्ट पिळवटेल, नाहीतर दांडा वाकेल. काय तुटावे, हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. शाफ्ट जेथे गिअर बॉक्सच्या दांड्याला जोडतात, तेथे दोन्हींतून आरपार एक भोक असते. त्या भोकात एक लहानसा बोल्ट घातलेला असतो. त्याला शिअर पिन म्हणतात. बाजारात शिअर बोल्टही म्हणतात. शिअर म्हणजे कातरणे. कात्रीच्या पात्यांमध्ये दोरा सापडावा, तशी ही पिन दोन लोखंडांमध्ये सापडते आणि कातरली जाते. ती तुटली की शाफ्ट नुसता मोकळा फिरतो. गिरमिट थांबते. यंत्र वाचते.

घरातल्या फ्यूजच्या तारेचे काम असेच आहे. भार वाढला की तार वितळते आणि घरातली वायरिंग वाचते. फ्यूज सारखा जातो म्हणून काही लोक त्यात जाड तार घालतात. मग फ्यूज जात नाही, वायरिंग जळते.

पिनेच्या बाबतीतही लोक हेच करतात. पिन दोनदा तुटली की गडी कंटाळतो. तो दुकानात जातो आणि म्हणतो, "शेठ, पक्का बोल्ट द्या. तुटायलाच नको."

शेठही म्हणतो, "हा घ्या दादा, एचटी बोल्ट. यंत्र मोडेल पण हा मोडायचा नाही."

शेठ खरे तेच बोलतो, बरं का! फक्त गडी ते नीट ऐकत नाही. पिन काही रुपयांत येते. गिअर बॉक्स मोडला तर हजारो रुपये जातात, आणि ऐन मे महिन्यात काम बंद पडते ते वेगळेच.

मग बोल्ट ओळखायचा कसा? डोळ्यांना सगळे बोल्ट सारखेच दिसतात. पण आता तुम्हाला आकडे वाचता येतात. बोल्टाचे डोके पुसून उन्हात धरा. त्यावर बारीक आकडे उठवलेले असतात. ते इंग्रजी असतात, पण मोबाइलवर तुम्ही तेच आकडे रोज दाबता. ४.६ असेल, ८.८ असेल, किंवा १०.९ असेल. पहिला आकडा पाहा. ४ म्हणजे, एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद एवढ्याशा लोखंडाला ओढून तोडायला सुमारे ४० किलोचा भार लागतो. ८ असेल तर सुमारे ८० किलोचा. म्हणजे ८.८ चा बोल्ट ४.६ च्या दुप्पट बळकट झाला. शेठ ज्याला एचटी म्हणतो, तो बहुधा हाच ८.८ चा किंवा त्याहून कठीण बोल्ट. टिंबानंतरच्या आकड्यावरून बोल्ट ताणून कायमचा लांबायला कधी लागतो ते कळते. आपल्याला त्याचे इथे फारसे काम नाही.

काही परदेशी मापांच्या बोल्टांवर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघांचा बोल्ट कठीण, सहा रेघांचा फार कठीण. कोऱ्या डोक्याचा बोल्ट पुष्कळदा मऊ असतो, पण त्याची खात्री देता येत नाही. ज्यावर काही लिहिलेले नाही, त्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. येथे हिशेब फसवा आहे. ८ मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरची पिन घातली, तर जोर दीडपट वाढला असे वाटते. तसे नाही. जाडीला जाडीने गुणायचे. ८ गुणिले ८ म्हणजे ६४. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. हे सव्वादोन पट झाले. आता कोणी भोक मोठे करून ४.६ च्या ८ मिलिमीटर पिनेच्या जागी ८.८ चा १२ मिलिमीटर बोल्ट ठोकला, तर पिन साडेचार पट बळकट झाली. एवढ्या जोराला गिअर टिकेल का, ते तुम्हीच सांगा.

याचा अर्थ नेहमी मऊ पिनच घालावी असा नाही. काही यंत्रांना बनवणारानेच ८.८ ची पिन सांगितलेली असते. तेथे ४.६ ची घातली तर ती खड्ड्याखड्ड्याला तुटेल. मऊ पिन कधी कधी नीट कापलीही जात नाही. ती वाकते, भोकात चेपून बसते आणि काढताना जीव नकोसा करते. म्हणून यंत्राबरोबरची पुस्तिका पाहा. जाडी, लांबी आणि डोक्यावरचा आकडा, या तिन्ही गोष्टी तिच्यात दिलेल्या असतात. यंत्र भाड्याचे असेल तर मालकाला विचारा आणि लिहून घ्या. आणखी एक. काही यंत्रांना पिन गिअर बॉक्सच्या आधी असते, काहींना गिअर बॉक्सच्या खाली, गिरमिटाच्या दांड्याला. खालच्या पिनेवर जोर कितीतरी जास्त येतो. एकीची पिन दुसरीला चालत नाही.

आटे कुठवर आहेत तेही पाहावे. जेथे पिन कातरली जाते, तेथे बोल्टाचा गुळगुळीत भाग यावा. आट्यांचा भाग बारीक असतो, तो लवकर तुटतो आणि भोकही खातो. पिन भोकात ढिली नको. ढिली पिन प्रत्येक झटक्याला आपटते आणि भोक लांबट होते. मग चांगली पिनही टिकत नाही. खिळा, सळईचा तुकडा किंवा वेल्डिंगची कांडी पिन म्हणून घालणे, हे तर बोलायलाच नको.

योग्य पिन असूनही ती सारखी तुटत असेल, तर दोष दुसरीकडे शोधा. गिरमिटाची टोके आणि पाती झिजली असतील. ट्रॅक्टर फार वेगात असेल. गडी एका दमात तीन फूट खाली जायला पाहत असेल. इंजिन हळू ठेवा. वीतभर खाली गेले की गिरमिट वर उचला, माती झटकू द्या, मग पुन्हा खाली जा. चिकण मातीत तर हे केलेच पाहिजे, नाहीतर गिरमिट स्क्रूसारखे रुतून बसते आणि वर येत नाही. खाली अखंड दगड लागला, तर खड्डा हातभर सरकवा. दगडाशी हट्ट करू नका.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही पिन यंत्राला वाचवते. माणसाला वाचवत नाही. हिशेब करून पाहा. ४.६ ची ८ मिलिमीटरची पिन कापली जाते तो भाग सुमारे ५० चौरस मिलिमीटर असतो. कापायला ओढण्यापेक्षा कमी जोर लागतो, दर चौरस मिलिमीटरला २४ किलो धरा. ५० गुणिले २४ म्हणजे १२०० किलो. आणि पिन दोन ठिकाणी कापली जाते, म्हणजे २४०० किलो. हात, पदर किंवा धोतर शाफ्टमध्ये सापडले, तर पिन तुटायच्या कितीतरी आधी माणूस ओढला जाईल. सेकंदाला ९ फेरे होतात. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून शाफ्टवरचे कवच काढून ठेवू नका. लांब बोल्ट पिन म्हणून घालू नका. नटाच्या बाहेर त्याचे दोन-तीन आटेच दिसावेत. बाहेर आलेले टोक फिरताना दिसत नाही, पण कपडा बरोबर पकडते. गिरमिट खाली जावे म्हणून यंत्राच्या दांड्यावर माणूस उभा करतात, तेही करू नये. पोरांना लांब ठेवा. खांद्यावरचा टॉवेल काढून ठेवा.

पिन बदलताना आधी पीटीओ बंद करा. मग इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. गिरमिट जमिनीला टेकलेले असू द्या. सगळे फिरणे थांबले की मग जवळ जा. जुन्या पिनेचे तुकडे सुंब्याने ठोकून काढा. दोन्ही भोके समोरासमोर आली की नाही, हे बोट घालून पाहू नका, सळई घाला. शाफ्ट गंजून गच्च बसला असेल, तर पिन तुटूनही तो मोकळा फिरणार नाही आणि जोर गिअरवर जाईल. म्हणून तेथे ग्रीस लावा. नवी पिन घालून नट नीट आवळा.

चार-पाच योग्य पिना एका डब्यात घालून ट्रॅक्टरवर ठेवा. घाईच्या वेळी हाताशी असल्या, म्हणजे कोणी दुसरा बोल्ट शोधायला जात नाही. डब्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा: खड्डा-यंत्राची पिन, जाडी इतकी, लांबी इतकी, डोक्यावर आकडा इतका. ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्याकडून ते एकदा वाचून घ्या.