आठ शेजारी

शिरपूर

चि. भाचेराव यांस,


माइनक्राफ्टमधला तुझा साखळी बंधारा पाहिला. पाणी अडवायचा आपला शिरपूर पॅटर्न असा कुणी खेळात उतरवेल, असं वाटलं नव्हतं. हा पॅटर्न आखणाऱ्या सुरेश खानापूरकरांच्या बंधाऱ्याला दार नाही, सांडवा नाही, हेही तू पाळलंस. फक्त भिंतीचा एकेक ब्लॉक सुटा दिसतो. त्यावर उपाय म्हणून तू २५६ चित्रं काढायला बसलायस, असं तुझी आई सांगत होती. थांब जरा.

हिशेब बरोबर आहे: ब्लॉकभोवती आठ शेजारी, प्रत्येक जण आहे किंवा नाही, म्हणून २५६. पण ईशान्येच्या कोपऱ्याला महत्त्व कधी? उत्तर आणि पूर्व, दोन्हीकडे भिंत असेल तेव्हाच. एक जरी बाजू मोकळी असली तरी तिथे काठाची रेघ येणारच, मग कोपऱ्यात काहीही असो. एवढा नियम लावला की ४७ चित्रं उरतात. चौकटीच्या वहीत स्वतः मोज, मामा म्हणतो म्हणून मानू नकोस.

बंधाऱ्याच्या काठावर तू लावलेल्या कुंपणाला तर एवढंही लागत नाही. खेळातलं मूळ लाकडी कुंपण चारच दिशा बघतं. प्रकार १६, पण मॉडेलं दोनच: मधला खांब आणि एका बाजूचे दांडे. तेच दांडे फिरवून चारही बाजूंना लावतात.

आता खरी गोम. २०१८ च्या १.१३ आवृत्तीआधी कुंपणाचे जोड रेंडर होताना शोधले जायचे, आता ते ब्लॉकच्या स्टेटमध्येच साठवतात. तू तुझ्या कुंपणाच्या कोडमध्ये ब्लॉक ठेवतानाच शेजार तपासतोस, म्हणून शेजारचा फोडला की दांडे हवेत लोंबतात. शेजारी बदलला की खेळ ‘अपडेटशेप’ हे फंक्शन बोलावतो; त्यात बदललेल्या त्या एकाच दिशेचं उत्तर दुरुस्त कर.

भिंतीला मात्र ही युक्ती लावू नकोस. ‘अपडेटशेप’ची हाक सहा बाजूंच्या शेजाऱ्यांनाच जाते, तिरक्या कोपऱ्यातल्याला कुणी कळवत नाही. म्हणून कुंपणाचे जोड साठव, भिंतीची कड रेंडरच्या वेळी शोध. सगळीकडे एकच पद्धत हवी, हा हट्ट तुझ्या आईकडून आलाय. इथे तो सोड.

झालं की तिरक्या कोपऱ्यातला एक ब्लॉक फोडून बघ. कड तिथल्या तिथे बदलली तर फाइल पाठव, नाही बदलली तर कोड पाठव.

तुझा,
मामा